काचेच्या कोपऱ्यावरचे ओरखडे

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात जे पितळी धूड धूळ खात पडलंय ना, तेच मी, जुना सूक्ष्मदर्शक. सगळे मला आजोबा म्हणतात. म्हणोत बापडे! चाळीस वर्षांत या एका डोळ्याने मी जे पाहिलं, ते तुमच्या दोन डोळ्यांना दिसायचं नाही.

इथले तंत्रज्ञ काका मला रोज मऊ कापडाने पुसत. मेणात बसवलेल्या अवयवाच्या तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढावा तर त्यांनीच. त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला आली. मोठ्या चष्म्यामुळे तिला सगळे चष्मिस म्हणत. कोंबडीच्या पिल्लाच्या डोळ्यामागे एक इवलीशी ग्रंथी असते, डोळा ओला ठेवणारी. पिल्लू वाढतं तशी ती आतून कशी बदलते, हे चष्मिसला शोधायचं होतं. एका दिवसापासून सहा आठवड्यांपर्यंत, पाच वयांच्या ग्रंथींचे काप लावलेल्या पाच काचा तयार झाल्या. त्यात तिचं वर्ष गेलं.

पण बाईसाहेबांनी काचांवर वय लिहिलं शाईने! पेन्सिलने लिही, म्हणून काका कानीकपाळी ओरडले होते. रंग चढवताना काचा औषधात बुडाल्या आणि शाई धुऊन गेली. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते आणि कुठली काच कुठल्या वयाची, काही कळेना. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

काका रागावले नाहीत. त्यांनी काचा नेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवून परत आणल्या आणि म्हणाले, "आधी नुसतं बघून ओळीने लाव. मग बोलू."

मित्रांनो, काय सांगू! एका काचेत गुलाबी भिंतींच्या नळ्या होत्या आणि मधल्या जागा जवळजवळ रिकाम्या. दुसरीत तिथे जांभळ्या ठिपक्यांच्या चार-दोन पेशी आलेल्या. एका काचेत तर मुंगीला शिरायला जागा नाही इतकी दाटी! त्या पेशी रोगाशी लढणाऱ्या होत्या. डोळा ओला ठेवणाऱ्या एवढ्याशा ग्रंथीत अख्खी फौज उभी राहत होती.

"एवढ्याशा डोळ्यामागे हे सगळं चाललंय?" ती पुटपुटली आणि रडायचंच विसरली. मी तरी कुठे शुद्धीवर होतो?

वयाबरोबर पेशींची गर्दी वाढत असणार, हे ताडून तिने काचा ओळीने लावल्या. मग काकांनी पट्ट्या सोलल्या. खाली काच कापायच्या हिरकणीने ओढलेले बारीक ओरखडे होते. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असे पाचवीवर पाच. काप काचेवर घेतानाच काकांनी गुपचूप वयाची खूण करून ठेवली होती. तिची एकही काच चुकली नव्हती. ती काकांच्या पाया पडली, आणि काका उगीचच माझी काच पुसत बसले.

आता काका नाहीत. माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, कधी हे कपाट उघडलंत तर मला जरा पुसा. शेजारी पाच काचांची पेटी आहे. तिच्यातल्या ओरखड्यांना खराबी समजून काचा फेकू नका. एका मुलीचं अख्खं वर्ष काकांनी तिथे जपून ठेवलंय.