पिवळ्या पट्टीच्या बाया

आमच्या आरतीचं लग्न झालं तो उन्हाळा दोन हजार बावीसचा. कोरोनाची बंदी उठली होती आणि मांडवात माणूस मावत नव्हतं. नात सासरी गेली तरी मांडव उतरायचा राहिला होता. त्याच मांडवात पुण्याच्या मालिशवाल्या डॉक्टरांनी पहिली सभा घेतली. चहा आमच्या चुलीवरचा होता. आज वाटतं, तो चहासुद्धा द्यायला नको होता.

आमचं गाव पाथर्डीच्या डोंगराकडचं. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी लागली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. फळी अरुंद असते, दहिवरानं ओली असते आणि पाऊल टाकलं की खालीवर होते. अर्धं आयुष्य मी ती चढले. माझे गुडघे गेले तेव्हा मी घरी बसले. माझी धाकटी जाऊ रंगुबाई मात्र दर साल जात होती, माझा दीर हनुमंत याच्याबरोबर. तिच्या कंबरेतून कळ निघायची ती थेट टाचेत उतरायची. वाकलेली बाई सरळ व्हायला भिंत धरायची.

डॉक्टरांचे मोठे होते कल्याण सर. आयुर्वेदाचे आणि इंग्रजी औषधाचे डॉक्टर एकत्र बसवून संशोधन करणारी त्यांची संस्था. सर गोड बोलायचे.

"मालिशनं कंबर सुटते हे तुम्हांला माहीत आहे, आम्हांलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण कारखान्याला पुरावा लागतो. तुम्ही साथ द्या. निकाल चांगला आला, तर तोडीच्या तळावर आमची गाडी येईल, तपासणी होईल, आणि जिची कंबर खराब तिला चिठ्ठी मिळेल. तिनं मोळ्या बांधाव्यात, फळी चढू नये."

आमचा मुकादम कानिफनाथ मागं उभा होता. तो म्हणाला, "कारखान्यानं कागद मानला तर माझी ना न्हाई. पन कागदाबिगर न्हाई हं. एकीला सोडलं तर सगळ्याच कंबर धरून बसतीन."

"तू धर की एकदा कंबर, मोळी आमी देतो डोक्यावर," रंगुबाई म्हणाली, आणि मांडव हसला.

पण तिनं ऐकलं होतं ते एकच. चिठ्ठी मिळाली तर फळी नाही. तिची धाकटी ज्ञानेश्वरी तेव्हा दहावी पास होऊन अकरावीला जाणार होती. रंगुबाई बसली तर कोयत्याला दुसरं माणूस पाहिजे, आणि घरात दुसरं माणूस म्हणजे तीच पोरगी. "माझी कंबर मोडली तर पोरीची शाळा मोडली," असं ती उघड बोलायची. तिनं अंगठा दिला. मला ज्ञानेश्वरीनं अक्षरं शिकवली होती, म्हणून मी सही केली. सरांनी त्या सहीचा फोटो काढला. रंगुबाईच्या अंगठ्याचा नाही काढला.

दोन डब्यांतून चिठ्ठ्या उचलल्या. कुणाच्या मनगटाला लाल पट्टी आली, कुणाच्या पिवळी. मला लाल, रंगुबाईला पिवळी. दोन्ही मालिशचेच प्रकार आहेत, असं सांगितलं.

शाळेच्या एका खोलीत पडदे लावले. मालिश करणारी मुलगी निकिता, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. हात असा, की मणक्याच्या दोन्ही अंगांनी अंगठे फिरले की आतली गाठ लोण्यासारखी ढिली व्हायची. मग ती मांडी पोटाशी दुमडून हळूच ओढायची. मी पहिल्याच दिवशी बाकावरून कुणाचा हात न धरता उठले.

रंगुबाई पडद्याबाहेर आली ती तोंड वाकडं करून.

"काय गं, झालं का?" मी विचारलं.

"काय झालं न्हाई. निस्ता हात ठिवती. म्हशीला ताप हाय का बघत्यात तसा. मग उचलती, खाली ठिवती. मी म्हनलं, बाई, दाब की जरा. तर म्हनती, बोलायचं नाही मावशी."

"आज पहिलाच दिवस म्हणून आसंल."

"व्हय, उद्या दोन हात ठिवंल."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सगळ्या पिवळ्या पट्ट्यांचं तेच झालं. लालवाल्यांना खरी मालिश आणि पिवळ्यांना नुसता हात. मी निकिताला विचारलं तर तिनं मान खाली घातली. "दोन्हींची तुलना करायची आहे आजी. मला सांगायची परवानगी नाही," म्हणाली.

आता तळावरची आमची रीत सांगते. तोडीवर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाया ओळीनं पालथ्या पडतात आणि एक दुसरीच्या कंबरेवर पाय देते. जिच्या कंबरेला पाय मिळाला, तिनं उठून दुसरीला दिलाच पाहिजे. घेतलं आणि तशीच झोपली, तर सकाळी तिच्याशी कुणी बोलत नाही. "अंगावर ठेवलं" म्हणतात तिला. आईनं मुलीला पहिल्या तोडीला जाताना शिकवायची ही गोष्ट आहे, भाकरी थापण्याइतकी साधी. ज्यांनी दुष्काळात एक हंडा चार घरांत वाटला, त्या बाया मालिश एकटीच्या अंगावर ठेवतील का?

मी घरी आले, रंगुबाईला घोंगडीवर पालथी पाडली आणि निकितानं माझ्यावर जे जे केलं ते तिच्यावर केलं. अंगठे तसेच, मांडी तशीच. तेल मात्र आमच्या करडईचं. तीच गोष्ट शेजारच्या बायडाबाईच्या घरी, तीच खालच्या आळीला. लाल पट्टीची बाई खोलीतून निघाली की पिवळीवाली उंबऱ्यावर वाट बघत असायची. आम्ही लपवलंही नाही. ओट्यावर, दार उघडं टाकून करत होतो. शाळेच्या खोलीपासून आमचा ओटा दिसतो. सर गाडीतून येताना काच वर करून यायचे, धुळीची त्यांना ॲलर्जी होती.

रंगुबाई सुधारली. वाकून सडा टाकायला लागली. संस्थेचे डॉक्टर पुन्हा पुन्हा येऊन विचारायचे, कळ किती आहे, रात्री झोप लागते का, आणि ती खरं सांगायची, "कमी हाय. लई कमी हाय." तिला वाटायचं, आपण बरं सांगू तेवढी चिठ्ठी लवकर येईल. गोळी घेतली का, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला का, हे दरवेळी विचारलं. घरी कोण अंग रगडतं, हे एकदासुद्धा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी गणपतीत सर निकाल सांगायला आले. या वेळी मांडव नव्हता, शाळेचा व्हरांडा होता. त्यांनी भिंतीवर चित्र पाडलं. लाल रेघ आणि पिवळी रेघ, दोन्ही बरोबरीनं खाली आलेल्या.

"दोन्ही गटांना सारखाच आराम पडला," सर म्हणाले. "म्हणजे खऱ्या मालिशचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही. विज्ञानात असं होतं. कारखान्याला आम्ही कळवलंय. सध्या गाडी आणि चिठ्ठीचा विषय पुढं नेता येणार नाही."

मग रंगुबाई उठली. भिंत न धरता उठली.

"सर, मला आराम पडला तो ह्या आक्काच्या हातानं. तुमच्या पोरीनं निस्ता हात ठिवला हुता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. बायडाबाईनं सांगितलं. मग सगळ्याच बोलायला लागल्या. सरांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"तुम्ही सगळा अभ्यास खराब केलात! इतक्या लोकांची मेहनत. कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"कुनी सांगाय पायजेल का?" बायडाबाई म्हणाली. "तुमच्या घरी कुनाची कंबर दुखली तर पुन्याला इचारून दाबत्यात व्हय?"

"नियम होता—"

"नियम हुता गोळी न खायचा," मी म्हणाले. "जावंच्या कंबरला हात लावायचा न्हाई असा कुठं हुता? आनि खराब कसं झालं? उलट कळलं की. जिला मालिश मिळाली ती बरी झाली. लालवाली बी आनि पिवळीवाली बी. हेच लिवा आनि कारखान्याला द्या."

निकिता मागून म्हणाली, "सर, खरंच, हे कळवता येईल."

सरांनी तिच्याकडे असं बघितलं की पोरगी बसली. मग आम्हांला हळू आवाजात, लहान मुलांना समजावतात तसं समजावलं. आकडे आता बंद झालेत. लेख छापायला गेलाय. पुढच्या महिन्यात परदेशात मोठी परिषद आहे, तिथं जगभरचे मालिशचे संशोधक येणार, तिथं हाच निकाल वाचायचा आहे. आता मधेच बदललं तर संस्थेवर विश्वास कोण ठेवील? "तुमची गोष्ट मर्यादा म्हणून शेवटी टाकू," ते म्हणाले.

रंगुबाईनं विचारलं, "मग फळीचं काय?"

सरांनी घड्याळ बघितलं.

त्या घड्याळ बघण्याचा राग माझ्या छातीतून अजून जात नाही. माणूस चुकतो. पण चूक हातात आणून दिल्यावर जो ती खिशात घालून गाडीत बसतो, त्याला मी चुकलेला म्हणत नाही. त्याला कळलं होतं. त्या व्हरांड्यात त्याला सगळं कळलं होतं.

दसऱ्यानंतर टोळी निघाली. मी कानिफनाथला अडवलं. "रंगीला औंदा फळीवर घालू नको."

"वहिनी, कारखान्याचा मानूस म्हनतो, डॉक्टरांनीच लिवून दिलंय, निस्ता हात ठिवला तरी कंबर बरी व्हती. आता मी काय बोलू त्याला? न्हाईतर ज्ञानेश्वरीला धाडा, मी नाव बदलून घेतो."

ज्ञानेश्वरी बारावीला होती. ती दारातच म्हणाली, "आई, मी येते. परीक्षा पुढच्या साली देईन."

"गप बस," रंगुबाई म्हणाली. "आमच्या घरात पुढचं साल कदी आलंय? मोठ्या आईजवळ रहा आनि वाच."

ट्रॉलीत चढताना तिनं माझा हात धरला. "आक्का, तुझा हात काढून दे गं माझ्याबरोबर. चार म्हैन्यांनी आनून देते." मी हसले. ट्रॉली वळेपर्यंत ती हात हलवत होती.

तळावर ऊस पडेल तशा गाड्या लागत होत्या. बाया कोपीत आल्या की पडायच्या, पाय द्यायलाही अंगात त्राण उरत नव्हतं, असं बायडाबाई सांगते. कळ पुन्हा टाचेत उतरली. संक्रांतीच्या आठवड्यात एका सकाळी रंगुबाई मोळी घेऊन फळीवर चढली. मध्यावर कंबर धरली गेली. तिला ना वर जाता येईना ना मागं. हनुमंत भावजी खालून ओरडले, "मोळी टाक, मोळी टाक!" ती टाकायला वळली आणि मोळीसकट खाली आली. मानेवरच आपटली. दवाखाना लांब होता, पण जवळ असता तरी उपयोग नव्हता.

दहाव्याला निकिता बेलापूरहून एकटी आली. तिनं संस्था सोडली होती. छापलेला लेख मोबाईलवर घेऊन आली. ज्ञानेश्वरीनं शेवटची ओळ मराठी करून वाचली: सहभागी स्त्रियांमध्ये आपसांत काही संपर्क आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बस. आमचा ओटा, करडईचं तेल, माझे अंगठे, रंगुबाईचं उठून बोलणं, सगळं त्या शक्यतेत गाडलं.

उन्हाळ्यात सरांचा फोन आला. नवा अभ्यास करायचा आहे म्हणाले. या वेळी लाल एका गावात आणि पिवळ्या दुसऱ्या गावात, म्हणजे बाया एकमेकींपर्यंत पोचणार नाहीत. एवढं मात्र ते आमच्याकडून शिकले.

मी म्हणाले, "आदी त्या लेखात रंगुबाईचं नाव घाला. ती काय म्हनली ते घाला. मग गावात या."

"आजी, सहभागी व्यक्तीचं नाव छापता येत नाही. गोपनीयतेचा नियम आहे. फक्त क्रमांक असतो."

मी फोन ठेवला. गावातल्या एकाही बाईनं पुन्हा पट्टी बांधून घेतली नाही. पिवळी नाही आणि लालही नाही. त्यांचा नियम त्यांच्या कागदाला. हा कागद माझा आहे.

रंगुबाई हनुमंत पालवे, पिवळ्या पट्टीची बाई, ज्ञानेश्वरीची आई, माझी धाकटी जाऊ, अठरा जानेवारी दोन हजार चोवीस रोजी, गुरुवारी सकाळी, उसाच्या गाडीच्या फळीवरून पडून मेली.