जंतू गेल्यावर

नयना रक्ताचे नमुने घ्यायला क्षयाच्या वॉर्डात आली, की पुष्पावतीचा चेहरा उजळायचा. तिथे मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. पुष्पावतीच्या नवऱ्याचं, मुकुंदरावांचं, बंगळूरच्या चिकपेट बाजारात साड्यांचं दुकान होतं. आजार कळल्यावर त्यांनी तिला इथे दाखल केलं. रोज डबा धाडायचे, पण स्वतः फाटकाच्या आत यायचे नाहीत. लहानग्या लेकीला, रक्षिताला तर त्यांनी एकदाही आणलं नव्हतं.

नयना पुण्याहून संशोधनासाठी बंगळूरला आलेली. पुष्पावतीने एकदा विचारलंच, "एवढं रक्त नेऊन करतेस काय गं?"

"ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजते, पुष्पाक्का. जंतूंना मारायला शरीर जे जहाल पदार्थ तयार करतं, ते शरीरालाही पोळतात. औषधं चालू असताना ते पोळणं किती कमी होतं, ते बघायचंय."

"म्हणजे ढेकणांपायी घरच पेटवायचं!" पुष्पावती हसली आणि हसता हसता खोकू लागली.

औषधं लागू पडली. थुंकीत आता जंतू नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पुष्पावतीने नयनाचा हात धरला. "यांना जाऊन सांग ना. म्हणावं, आता भीती नाही. पोरीला स्वल्प वेळ तरी आणा."

नयना त्याच संध्याकाळी दुकानात गेली. मुकुंदरावांनी साडीची घडी घालत सगळं ऐकून घेतलं.

"सरी, अक्का, ठीक आहे. दसरा होऊ दे. आता गिऱ्हाइकांची गर्दी आहे. मग आणतो."

"लांबूनच दाखवा हवं तर."

"आणतो म्हटलं ना."

परक्यांच्या संसारात आणखी किती बोलायचं, म्हणून नयना उठली.

दसरा यायच्या आत पुष्पावतीचे डोळे पिवळे झाले. औषधांनी यकृतावर घाला घातला होता. औषधं थांबवली, तरी कावीळ हटेना. प्रयोगशाळेत नयनाने तिचा नमुना तपासला. उतरत आलेला स्ट्रेसचा आकडा पहिल्यापेक्षाही वर गेला होता.

"ही पेशंट आता अभ्यासातून वगळावी लागेल," तिचे सर म्हणाले.

नयनाने मान हलवली, अॅप्रन काढला आणि रिक्षा करून चिकपेट गाठलं.

"मुकुंदराव, दसऱ्याची वाट बघू नका."

तिचा चेहरा बघताच त्यांनी शटर ओढलं.

रक्षिता नाकाला रुमाल लावून वॉर्डात आली. घरी तिला तसंच शिकवलं होतं. नयनाने तो रुमाल हळूच काढला. पुष्पावतीची शुद्ध हरपली होती. पोर आईच्या कानाशी वाकली. "आई, शाळेच्या नाचात मला मोर केलंय," ती म्हणाली आणि उत्तरासाठी थांबली. मग तेच पुन्हा, थोडं मोठ्याने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पावती गेली.

व्हरांड्यात मुकुंदरावांनी नयनाला गाठलं. "माझ्यावर रागावली होती का हो ती?"

"नाही. तुमच्याबद्दल वावगा शब्द कधी काढला नाही त्यांनी."

ते अगदी खरं होतं. मुकुंदराव भिंतीला धरत धरत खाली बसले.