निववलेलं पाणी

न्हाणीघरात नळ सुटल्याचा आवाज आला तशी तिने गॅस बंद केला आणि उकळतं पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतलं. मग त्यातून परत पहिल्यात. वाफेने चष्मा धुरकटला, तो तिने बाहीला पुसला. दादाच्या आंघोळीला फार वेळ लागत नाही, म्हणून हात भराभर चालत होते. मध्येच करंगळी बुडवून बघायची, चटका बसला की पुन्हा ओतायचं. करंगळी पाण्यात सुखाने राहायला लागली की ते पाणी थर्मासात भरायचं, बूच दाबून बसवायचं, वर झाकण फिरवायचं आणि थर्मास टेबलावर त्याच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचा. असं रोज चाललं होतं.

"भरलास का गं?" दादाने अंग पुसत बाहेर येऊन विचारलं.

"भरला."

"उकळतं आहे ना?"

"उकळतं," ती म्हणाली आणि चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकली. खरं तर वाकायची काही गरज नव्हती. तिचं तोंड कुणाला दिसणार होतं?

दादा काही जन्माचा आंधळा नव्हे. ओतकामाच्या कारखान्यात तो क्रेन चालवायचा. छपराला टेकलेल्या एवढ्याशा केबिनमध्ये बसून वितळलेल्या लोखंडाची बादली शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायची आणि नेमकी साच्यावर आणून थांबवायची, हे त्याचं काम. बादली म्हणायची, पण तिच्यात माणूस उभा मावला असता. त्या गदारोळात हाक ऐकू येण्याची सोय नव्हती, म्हणून खाली मिस्त्री उभा राहायचा आणि हाताने खुणा करायचा. डावीकडे, उजवीकडे, हळू, थांब. एके दिवशी मिस्त्रीचा हात वर आहे की खाली, हे दादाला कळेना. त्याने रिकामी बादली जागेवर ठेवली, शिडीवरून स्वतःच्या पायांनी उतरला आणि साहेबांना सांगितलं की उद्यापासून मला वर चढवू नका. काचबिंदूने आधी नजरेच्या कडा खाल्ल्या होत्या, मग मधलंही खाल्लं. डॉक्टरांनी हात टेकले. इतक्या वर्षांत आपल्या हातून एकही माणूस भाजला नाही याचा दादाला ताठा होता, आणि तो असायलाच हवा होता.

बहिणीला तो छोटी म्हणायचा. छोटीचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती छोटीच राहिली. तिचं लग्न झालं नाही की तिने केलं नाही, यावर नातेवाइकांत दोन तट होते आणि दोन्ही तटांनी तिला कधी विचारलं नव्हतं. दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात ती आया होती. चादरी बदलायच्या, पट्ट्या सोडवताना रोग्याचा हात धरून ठेवायचा, ओरडणाऱ्याला ओरडू द्यायचं. सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. मधला सगळा दिवस दादा घरात एकटा.

नजर गेल्यावर पहिले काही महिने दादा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला उठवलं की उठायचा, बस. मग एक दिवस त्याने आपणहून सौदा केला. गॅसला हात लावणार नाही, शब्द देतो, म्हणाला, पण सकाळी जाताना थर्मासात उकळतं पाणी ठेवत जा. दुपारचा चहा मी माझा करीन.

आणि केला की त्याने. टेबलाला कडेकडेने एक पट्टी ठोकून घेतली, म्हणजे काही घरंगळायला नको. थर्मास डाव्या हाताला, साखर उजव्या हाताला, पाण्यात बुडवायच्या चहाच्या पुड्या मध्ये, आणि कप नेहमी ताटात, सांडलं तर ताटात सांडावं. पाणी ओतताना तो मान कलती करून ऐकायचा. कप भरत आला की पाण्याचा आवाज चढतो, हे तुम्हांआम्हांला कशाला माहीत असतं? त्याला होतं. आवाज चढला की हात थांबायचा. नंतर दुपारी मिस्त्रीही यायला लागला, तोही आता निवृत्त झाला होता. दादा त्याला बसवून स्वतःच्या हाताने चहा करून द्यायचा. मग दोघे ज्या माणसांना कारखान्यात शिव्या घालता आल्या नाहीत त्यांना सावकाश शिव्या घालायचे. घरी आल्यावर छोटीला विसळून पालथे घातलेले दोन कप दिसायचे आणि तिला बरं वाटायचं. तो चहा होता म्हणून तो दाढी करायचा, धुतलेला शर्ट घालायचा. भिंतीकडचं तोंड त्याने इकडे फिरवलं होतं ते त्या चहासाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ठाऊक असूनही तिने ते केलं. त्याचं असं झालं की एका संध्याकाळी तिला त्याच्या अंगठ्यावर फोड दिसला. विचारलं तर म्हणाला, लागलं कुठेतरी. छोटीने असले फोड कमी पाहिले नव्हते. त्याच आठवड्यात वॉर्डात एक म्हातारी आली होती, मांडीवर चहाची किटली कलंडली होती. साध्या पाण्याने काय होतं, असं म्हणत आलेली सून तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात बसून रडत होती. त्या म्हातारीच्या पट्ट्या सोडवताना छोटीच्या डोळ्यांपुढे सारखा तो अंगठा येत होता. दादाशी बोलायचं तिने मनात ठरवलं, मग ते टाळलं. बोलली असती तर तो हसला असता आणि तिचं काही ऐकलं नसतं. त्यापेक्षा पाणीच जरा निववून भरावं, त्याला काय कळतंय, असं तिला वाटलं. माया आंधळी असते असं म्हणवत नाही या घरात, पण त्या सकाळी तिने पहिल्यांदा दुसरं पातेलं खाली काढलं.

त्याला कळलं, पण भलतंच कळलं.

"थर्मास गेला वाटतं," तो म्हणाला. "चहाला वासच येत नाही."

ही वेळ होती सगळं सांगून टाकायची. तिने ती घालवली. जुनाच तर आहे, होणारच, असं काहीतरी पुटपुटली. दादाने दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, थर्मास गेला की अंगाला गरम लागतो, आतली ऊब बाहेर यायला लागते, हात लावून बघ. दादाने दोन्ही तळहात थर्मासावर ठेवले. थर्मास गार होता. मिस्त्रीच्या ध्यानात आलं असणार, कारण समोरचा फिकट चहा तो डोळ्यांनी बघत होता. पण मित्राच्या घरात भांडण लावणारा तो माणूस नव्हता. त्याने तो कोमट चहा तळापर्यंत प्यायला, झकास झालाय म्हणाला, आणि दोन दिवसांनी नवाकोरा थर्मास घेऊन आला.

नव्या थर्मासातही छोटीने निववलेलंच पाणी भरलं. एकदा लपवलं की पुढचं लपवणं भागच पडतं, त्यातून तिला बाहेर येता येईना.

काही दिवसांनी ती कामावरून आली तर दादा टेबलापाशी ताठ बसलेला. समोर दोन्ही थर्मास, शेजारी शेजारी. त्याने तिला बस म्हटलं नाही, हातपाय धू म्हटलं नाही. जुना थर्मास उघडायला सांगितला. तिने बूच काढलं आणि भसकन वाफ वर आली, संध्याकाळ झाली तरी.

"हा कुणी भरला?" तिने विचारलं.

"खालच्या वहिनींनी. सकाळी तू गेल्यावर मीच जिना उतरून नेऊन दिला." तो थांबला. "आता नवा उघड. तो तू भरलायस."

तिने उघडला नाही. काय उघडायचं?

"थर्मास चांगला आहे, छोटे. दोन्ही चांगले आहेत."

ती खुर्चीत बसली. पिशवी खांद्यालाच होती. मग ती बोलायला लागली ती भडभडा बोलत सुटली. फोड, म्हातारी, तिची मांडी, पट्टीबरोबर निघून येणारी कातडी, सगळं सांगितलं. "तिथे रोज बघते रे मी. उकळत्या पाण्याने माणसाचं काय होतं ते तुला..." ती कुणाला सांगत होती? ज्याने जन्मभर माणसांच्या डोक्यावरून वितळलेलं लोखंड नेलं, त्याला.

दादाने तिला पुरतं बोलू दिलं. तो चिडला नाही.

"भाजला असता तर माझा हात भाजला असता," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण मिस्त्रीला मी ते पाणी पाजलं गं. आणि तो झकास म्हणाला. इतकी वर्षं खाली उभा होता, एकदा खोटी खूण केली नाही त्याने मला. केली असती तर माणसं गेली असती. परवा केली."

"वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल तो..."

"कुणाला?"

तिने खांद्याची पिशवी काढून मांडीवर घेतली.

"माझी कीव आली त्याला," दादा म्हणाला. "तुलाही तीच आली."

तिने त्याचे हात धरले, उद्यापासून उकळतं भरते म्हणाली, शपथ घेतली, डोळ्यांत पाणी आणलं. दादाने हात सोडवून घेतले नाहीत, नुसते तसेच राहू दिले. भर, म्हणाला, तुला वाटेल तसं भर.

दुसऱ्या दिवसापासून तिने खरंच उकळतं पाणी भरलं. न्हाणीघरातला नळ सुटायची वाट बघितली नाही. तो बाहेर येईपर्यंत थांबून, त्याच्या देखत, म्हणजे त्याला ऐकू जाईल असं, खळखळ ओतलं. संध्याकाळी येऊन बघते तर थर्मास भरलेला. कप सकाळी ठेवला तिथेच, ताटात, कोरडा. पुढच्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही. त्या गरम पाण्याने ती भांडी घासायला लागली, टाकून तरी किती द्यायचं. दाढीचे खुंट वाढले. एका संध्याकाळी दिवा लावला तेव्हा तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दिवा लागला हे त्याला कळलं नव्हतं, पण बटणाचा आवाज तर आला असेल. तो वळला नाही.

तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मिस्त्री आला. छोटीला इतका आनंद झाला की तिने त्याला दारातच दोनदा या म्हटलं. दादाला उठवलं, शर्ट बदलायला लावला, टेबलापाशी आणून बसवलं. थर्मास सकाळीच भरला होता. डाव्या हाताला थर्मास, उजव्या हाताला साखर, मध्ये पुड्या, ताटात दोन कप, तिने सगळं पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. मग आपण तिथे नसलेलंच बरं म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच डबे खालीवर करत बसली. कान मात्र बाहेर होते. मिस्त्री हवापाण्याचं बोलत होता, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं बोलत होता, मग त्याचंही बोलणं संपलं. बूच निघाल्याचा आवाज काही आला नाही.

"छोटे," दादाने हाक मारली, "मिस्त्री आलाय. चहा दे."

ती बाहेर आली. थर्मास दादाच्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि हात मांडीवर होते. "दादा, पाणी इथेच..." तिने सुरुवात केली. मिस्त्रीने मान खाली घातली होती. तिने थर्मास उघडला. पाण्याला चांगली वाफ होती. दोन कप भरले, पुड्या बुडवल्या, चहा भराभर गडद झाला, खोलीभर वास सुटला. कित्येक दिवसांत या घरात असा चहा झाला नव्हता. एक कप तिने मिस्त्रीपुढे ठेवला. दुसरा दादाच्या हातात दिला आणि त्याची बोटं कपाच्या कानावर नीट बसवून दिली.

दादाने कप ओठांपाशी नेला. वाफ तोंडावर आली तसा थांबला आणि कप परत तिच्यापुढे धरला.

"गरम आहे," तो म्हणाला. "फुंकून दे."

त्याच्या आवाजात राग असता, टोमणा असता, तर तिने आनंदाने ऐकून घेतला असता. काहीच नव्हतं. मिस्त्री आपला कप हातात धरून नुसता बसला होता, त्याला पिववेना. छोटीने दादाचा कप घेतला, खाली वाकली आणि फुंकर घालायला लागली. दादा हात पुढे करून वाट बघत बसला होता.