चार मिनिटांचा भोंगा

शनिवारी सकाळी मेहुल सरांनी माझ्यासमोर दोनच रस्ते ठेवले. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम जुन्या पद्धतीने बांधून द्यायचा, नाहीतर लॅपटॉप टेबलावर ठेवून घरी जायचं. मी दुपारी दोनलाच लॅपटॉप ठेवला. संध्याकाळची वाट बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गोष्ट एवढ्या थराला कशी गेली ते सांगते, कारण मेहुल सर जिथे तिथे सांगत होते की मोनालीच्या, म्हणजे माझ्या, डोक्यात नव्या जावाचं खूळ शिरलंय.

आमचं ऑफिस बोईसरला, एका दातांच्या दवाखान्यावर, दोन खोल्यांचं. मेहुल सर मालक. कारखान्यांसाठी आम्ही एकच काम करतो. थंडाव्याच्या यंत्रांतल्या अमोनिया वायूची गळती झाली की भिंतीवरचा सेन्सर ती टिपतो, आमचा प्रोग्राम सेन्सरचा आकडा बघतो आणि आकडा हद्दीबाहेर गेला की भोंगा वाजवतो. तारापूरच्या एमआयडीसीत आणि आसपास मिळून अकरा कारखान्यांत हा प्रोग्राम बसलाय. त्यातल्या एकात, कॉम्प्रेसरच्या खोलीत, माझा मोठा भाऊ नीलेश ऑपरेटर आहे. वाणगावच्या पलीकडे आमच्या पाड्यावर थोडी नाचणी, थोडा भात होतो, त्यात वर्ष निघत नाही, म्हणून त्याने ही नोकरी धरली. आई घाबरली होती. तेव्हा मीच तिला ऐटीत सांगितलं होतं की तिथला भोंगा माझ्या हातचा आहे, तीन सेकंदांत वाजतो, तू निवांत राहा. हे बोलणं आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पालघरच्या एका नव्या कारखान्याने आमच्याकडे प्रोग्राम मागितला आणि सोबत एक अट घातली. आमच्या मशीनमध्ये बाहेरची कुठली कुठली लायब्ररी येणार, ती कुठून आणली, सगळं लिहून द्या. मागणी रास्त होती. जावा या संगणकाच्या भाषेत काम करणारा कुणीच सगळं स्वतः लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार लायब्ररी वापरतो. तारखा वाचायला एकाची लायब्ररी, आलेख काढायला दुसऱ्याची, सेन्सरचे आकडे गाळून घ्यायला तिसऱ्याची. प्रत्येक लायब्ररी एका जार फाइलमध्ये बांधून येते. आमच्याकडे अशा एकेचाळीस होत्या आणि त्यांची नीट यादी कुणाकडेच नव्हती.

जुन्या पद्धतीत या सगळ्या फाइल एका ढिगात टाकायच्या. प्रोग्रामला काही लागलं की तो ढिगात शोधतो आणि पहिलं सापडेल ते उचलतो. तेच नाव खाली आणखी एका फाइलमध्ये असलं तरी तो बघत नाही आणि कुणाला सांगतही नाही. जावाची नवी, मॉड्यूलची पद्धत तशी नाही. तिथे प्रत्येक तुकड्याने सुरुवातीलाच लिहून द्यायचं की मला कोण लागतं आणि माझ्यातलं काय मी इतरांना देतो. एकाच नावाचं पॅकेज, म्हणजे कोडचा गठ्ठा, दोघे घेऊन आले तर प्रोग्राम सुरूच होत नाही. मी ठरवलं की यादी करायचीच आहे तर सगळं मॉड्यूलमध्ये बसवू, म्हणजे यादी खोटी निघणार नाही. सरांनी महिन्याची मुदत दिली आणि वर टोमणाही मारला की चालत्या गाडीचं चाक काढायची हौस बऱ्या घरच्या मुलींना नसते.

पहिला आठवडा नावांतच गेला. ज्या लायब्ररीने स्वतःचं मॉड्यूलचं नाव सांगितलेलं नसतं, तिला जावा फाइलच्या नावावरून नाव देतो. आणि आमच्या ऑफिसची रीत अशी की फाइलला मूळ नाव ठेवायचंच नाही. जिथे बसवली त्या गावाचं नाव द्यायचं, किंवा ज्याने हात लावला त्याचं. त्यामुळे माझ्यासमोर पाम, शिरगाव, नवीन-पाम, कैलास-एक, कैलास-फायनल अशी वरात उभी. फायनल हा शब्द जावाने स्वतःसाठी राखून ठेवलाय, म्हणून त्या फाइलला तर मॉड्यूल म्हणून उभंच राहता येईना. मी एकेक फाइल उघडली, आतलं मूळ ओळखलं, जुनी टाकून बाहेरून ताजी आणली. एकेचाळीसच्या सव्वीस झाल्या, वर ओळख न पटलेली कैलास-एक तेवढी उरली. मला तर आनंदाचं भरतं आलं होतं.

मग घोडं अडलं. आकडे गाळणाऱ्या लायब्ररीचं पॅकेज दोन फाइलमध्ये निघालं. एक मूळची. दुसरी कैलास-एक, इवलीशी, आत एकच क्लास, म्हणजे गठ्ठ्यातला एकच तुकडा. जावा म्हणाला, एक पॅकेज दोन मॉड्यूलमध्ये आहे, मी सुरू होत नाही. मी कैलास-एक उघडून वाचली. मूळ लायब्ररीत आकडा सलग तीन सेकंद हद्दीबाहेर राहिला की तो पुढे भोंग्याकडे जातो. कैलासच्या फाइलमध्ये त्या तीनच्या जागी दोनशे चाळीस होते.

दोनशे चाळीस सेकंद म्हणजे चार मिनिटं. ढिगात कैलास-एक सगळ्यांत वर ठेवलेली होती, म्हणून प्रोग्राम इतकी वर्षं तीच उचलत होता. अमोनियाने भरलेल्या खोलीत माणूस चार मिनिटं काय करणार, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कैलासदादा शेजारच्याच टेबलावर बसतो. नाशिककडचा माणूस, आठ वर्षांपासून इथे, मला जावा त्यानेच शिकवलं. मी त्याला स्क्रीन दाखवली. त्याने वाचली आणि चष्मा काढून ठेवला. मग सांगितलं ते असं. पामकडच्या आमच्या पहिल्याच कारखान्यात सेन्सर जुना होता, पावसाळ्यात दमट हवेनेच बिथरायचा. भोंगा दिवसातून तीस वेळा वाजायचा. कामगारांनी वैतागून वायरच काढून टाकली. तार काढलेल्या भोंग्यापेक्षा उशिरा वाजणारा बरा, असा विचार करून त्याने नवा सेन्सर येईपर्यंत पंधरा दिवसांसाठी ही फाइल घातली. नवा सेन्सर आला. फाइल काढायची राहिली.

ती बाकीच्या दहा कारखान्यांत कशी गेली हे मला विचारावं लागलं नाही. कारखान्यांत इंटरनेट देत नाहीत. आम्ही शेवटच्या चालू कारखान्याचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो आणि पुढच्या कारखान्यात ओततो. चालतंय ना, मग हात लावू नका, ही आमच्याकडची मोठी अक्कल. दरवर्षी भोंग्याची तपासणी होते, पण ती बटण दाबून. बटण थेट भोंग्याला जोडलेलं, प्रोग्राम मध्ये येतच नाही. त्यामुळे अकरा कारखाने दरवर्षी पास.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पालघरला सोमवारी बसवायचंच आहे, मॉड्यूलचं तपासत बसायला वेळ नाही, ढिगाच्या पद्धतीने बांध, यादी काय जमेल ती दे. आणि जुन्या कारखान्यांचं पुढच्या सर्व्हिसला गुपचूप बदलून टाकू, तीन महिन्यांत सगळे होतील. मी म्हटलं, आजच अकराही ठिकाणी कळवा, तोवर त्यांनी वेगळं साधन लावावं. सर म्हणाले, कळवलं तर आपलं दुकान बंद. एकही माणूस मेलेला नाही, उगाच बोंब कशाला मारायची.

"सर, त्यातल्या एका खोलीत माझा भाऊ उभा असतो. तीन महिने त्याने श्वास धरून उभं राहायचं का?"

तेव्हा त्यांनी ते दोन रस्ते दाखवले. कैलासदादा मान खाली घालून बसला होता. मला त्याचा राग आला, सरांपेक्षा जास्त.

घरी आले तर नीलेश ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होता. मी सगळं सांगितलं. त्याला आधी खरंच वाटेना.

"तू तं आयेला सांगत व्हतीस, तीन सेकंदांत वाजतो म्हणून."

"मला तसंच वाटत होतं."

"वाटून काय उपयोग? उद्या मी बघतो. आमच्या लॅबमधी अमोनियाच्या पाण्याची बाटली हाय. सेन्सरला दावायची. दावली का समजंल."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याची सकाळची पाळी होती. त्याने सेफ्टी ऑफिसरला रीतसर विचारलं. ऑफिसरला वाटलं पोरगं उत्साही आहे, करू दे. मास्क चढवून, सगळ्यांना बाहेर काढून तपासणी ठरली. मला आत सोडणार नव्हते, म्हणून मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहिले. भोंगा रस्त्यापर्यंत ऐकू येतो. साडेदहाला नीलेशने फोन केला, बाटली उघडली म्हणाला, आणि फोन चालूच ठेवला.

मी घड्याळ बघत होते. तीन सेकंद गेले. दहा गेले. अर्ध्या मिनिटाने फोनमधून ऑफिसरचा आवाज आला, बाटली नीट धर. एक मिनिट झालं. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. बघते तर कैलासदादा, त्याला नीलेशने कळवलं होतं. तोही मनगटाकडे बघत राहिला. दुसऱ्या मिनिटाला ऑफिसरने आकड्याची पाटी वाचली, आकडा हद्दीच्या तिप्पट होता. तिसरं मिनिटही गेलं. टपरीवाला मला विचारत होता की चहा ओतू का, आणि मी घड्याळावरून नजर काढली नाही. रडू येत होतं आणि ते मला त्या रस्त्यावर अजिबात नको होतं.

चार मिनिटं होऊन गेल्यावर भोंगा वाजला. रस्त्यावरची कुत्री उठून पळाली.

थोड्या वेळाने सेफ्टी ऑफिसर स्वतः गेटवर आला. घामाघूम झाला होता. हे कुणाचं काम, म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत कैलासदादा पुढे झाला.

"माझं. ती फाइल मी घातली, मी काढली नाही. आणखी दहा ठिकाणी आहे. नावं लिहून घ्या."

त्याने दहाही नावं तोंडपाठ सांगितली. ऑफिसरने तिथल्या तिथे आपल्या ओळखीतल्या सेफ्टीवाल्यांना फोन लावले. नीलेशने त्याच्या परीने लावले. आमच्याकडचे कितीतरी लोक या कारखान्यांत आहेत, कुणी भाऊबंद, कुणी सोयरे. त्याने सगळ्यांना एकच सांगितलं, सायबाला विचारून बाटली दावा आनी घड्याळ बघा. हे कळायला जावा यावं लागत नाही. दुपारपासून एकेका ठिकाणचा निरोप येऊ लागला. चार मिनिटं. चार मिनिटं. एका ठिकाणी भोंगा वाजलाच नाही, कारण त्यांनी तीन मिनिटांनंतर कंटाळून बाटली बंद केली होती.

मग लोकांनी आपापला बंदोबस्त केला. नीलेशच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या खोलीत हातातलं गॅस मीटर घेऊन एक माणूस बसवला आणि खोलीत एकट्याने जायची बंदी केली. पाच ठिकाणी यंत्रच थांबवलं. मेहुल सरांचा फोन दिवसभर लागत नव्हता, असं कैलासदादा सांगत होता. मी लावून बघितला नाही.

सोमवारी सकाळी नऊला सरांनीच मला फोन केला. आवाज बसलेला होता. आधी चिडले. म्हणाले, तू माझं वाटोळं केलंस. मग म्हणाले, अकराही जण आजच्या आज दुरुस्ती मागतायत, पालघरवालेही विचारतायत, आणि तो मॉड्यूलचा प्रोग्राम तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. लॅपटॉप टेबलावरच आहे, ये आणि काम कर.

मी म्हटलं, येते. पण जाईन तिथे मॉड्यूलचाच प्रोग्राम बसेल, सव्वीस फाइल, मूळ नावांनी, आणि यादी प्रत्येक कारखान्याला मिळेल. कैलास-एक काय होती, कुणी घातली, का राहिली, हे तुमच्या सहीने लेखी जाईल. आणि कैलासदादाला काढायचं नाही. चूक कबूल करणारा तो एकटाच निघाला, तो माझ्याबरोबर अकराही ठिकाणी येईल. प्रत्येक ठिकाणी बाटली उघडून भोंगा वाजवून दाखवू, बटण दाबून नाही.

पलीकडून काहीच आलं नाही. आमच्या ऑफिसात गप्प राहिलं की हो समजायचं असतं. पंधरा दिवसांसाठी घातलेली फाइल अशाच गप्प राहण्यातून वर्षानुवर्षं टिकली होती. नीलेश समोर डबा भरत होता, दुसऱ्या पाळीतला एकजण आजारी म्हणून त्याला दुपारी त्याच खोलीत जायचं होतं. मी फोन कानाला घट्ट धरला.

"सर, मला ऐकू आलं नाही. हो असेल तर तोंडाने हो म्हणा."