देवमनची मूठ

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. कामरगावच्या टोकाला देवमन आणि सोजरबाई हे ख्रिस्ती जोडपं राहायचं. दळण काढताना प्रभूच्या नावाने मूठभर ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची आणि रविवारी ती गरिबाला द्यायची, असा त्यांचा नेम होता. देवमन मात्र हसत हसत दोन्ही हातांनी टाकायचा. सोजरबाई खेकसायची, "मूठ हाय का सूप?" रविवारी दारात देतानाही तिचं खेकसणं चालूच असायचं.

गुरुवारी देवमन तापाने गेला. रविवारी शेजारच्या गावची आंधळी प्रयागबाई नेहमीसारखी ज्वारी मागायला दारात आली. देणाऱ्याचं तोंड हसरं पाहिजे, असं देवमन म्हणायचा. सोजरबाईने तोंडावर हसू आणलं आणि अख्खं मडकं प्रयागबाईच्या पदरात ओतलं.

"घे माय, सुखानं खा."

प्रयागबाई थबकली. "आज खेकसली नाई? कायले एवढी गोड बोलून राह्यली? देवमन कुठी हाय?"

म्हातारीने चाचपत सोजरबाईचा हात धरला. मनगटात बांगडी नव्हती.

"चूल कधी पेटवली होती, पोरी?"

"बुधवारी."

"बस मंग. आज भाकर मी थापतो."

प्रयागबाई पदरातली ज्वारी घेऊन जात्याशी बसली, आणि सोजरबाई तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.