फोटोतलं रान

ओढ्याच्या दोन्ही अंगांना आमची पिंपळवंडीची शेती. दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे बिबटे आणि पाण्याच्या मोटारीला लाईट मात्र रात्रीची. दिवसा लाईट द्या म्हणून लोकांनी अर्ज केले, मोर्चा नेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं असे कितीतरी सहा महिने निघून गेले.

खुरपायला वाकलेल्या बाईला बिबट्या जनावर समजतो, म्हणून बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालू लागल्या, कुत्र्याला घालतात तसा. ओढ्यापलीकडच्या सरूबाईनंही एक करून घेतला. तिचा नवरा सावळेराम रात्री उसाला पाणी धरायला जाई आणि तो परत येईपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

एके दिवशी ती ओढ्याअलीकडे मंगलच्या कांद्यात सावडीला आली होती. सावड म्हणजे आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. तिथं शहरातून एक फोटोग्राफर आला. बाया पुष्कळ होत्या, पण त्याला सरूबाईचाच चेहरा आवडला. कांद्यात बसलेली, गळ्यात खिळे, नजर थेट समोर. फोटो पेपरात आला, टीव्हीवर आला, परदेशातही गेला म्हणे. तो बघून मोठमोठ्या लोकांना लाज वाटली. आम्हाला समक्ष बघून कधी वाटली नव्हती, पण ते असो.

मग वीजवाले गाडी घेऊन आले. फोटोतलं रान कुठलं, एवढंच त्यांनी विचारलं. लोकांनी मोठ्या हौसेनं मंगलचं रान दाखवलं आणि त्या लायनीला दिवसा लाईट मिळाली. ओढ्यापलीकडची लाईन वेगळी. तिची पाळी रात्रीचीच राहिली. सरूबाईनं हेलपाटे घातले, फोटोतली बाई मीच म्हणून सांगितलं. साहेबांनी तिला ओळखलं, चहा पाजला आणि अर्ज ठेवून घेतला.

मंगलला फार अवघडल्यासारखं झालं. सावड फेडायला आली तेव्हा ती जावेलाही बरोबर घेऊन आली. ती तरी आणखी काय करणार?

परवा फोटोग्राफर पुन्हा आला. आता त्याला बदल दाखवायचा होता. तेच रान, तीच बाई, पण पट्टा काढून, हसरी. त्यानं सरूबाईला मंगलच्या बांधावर उभं केलं. हसू कशापायी, तिनं विचारलं. दिवसा लाईट मिळाली ना, तो म्हणाला.

"तोंड माझं हाय भाऊ, रान हिचं," मंगलकडं हात करून सरूबाई म्हणाली. "लाईट रानाला मिळाली. तोंडाला न्हाई."

पण बिचारा लांबून आलाय, म्हणून ती हसली. फोटो छान आला.

ऊन उतरलं तसा तिनं बांधावरचा पट्टा उचलला आणि झपाझप ओढा ओलांडला. रात्री पाण्याची पाळी होती. सावळेराम पट्ट्याची वाट बघत असणार. घरात पट्टा एकच होता.