पोटावरचे पट्टे

ईद झाल्यावर चांदने तालमीत सदरा काढला आणि तोताराम त्याच्या पोटाकडे बघतच राहिला. महिनाभर रोजे, त्यात सावद्याच्या स्टेशनावर केळीचे घड मालगाडीच्या वाघिणीत भरायचे काम. पोटावर आडवे पट्टे स्वच्छ उमटले होते.

तोतारामही त्याच टोळीतला हमाल. जळगावला शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती, आणि पहिल्या येणाऱ्याला तिथली एक शाळा व्यायामशिक्षकाच्या हाताखाली घेणार होती. हमाली सुटायची दुसरी वाट त्याला दिसत नव्हती. दंड होते, छाती होती. पोट मात्र गुळगुळीत.

चुडामण वस्ताद म्हणाले, "गूळ सोड, भाकर कमी कर, डाळ-ताक वाढव, मेहनत चालू ठेव. दिवाळीपर्यंत दिसतील पट्टे."

"स्पर्धा येत्या रविवारी हाये, वस्ताद!"

"मग पुढच्या साली जा. पोट काय बाजारात भेटते?"

तोतारामने ठरवले, आपणही उपाशी राहायचे. चांदने समजावले, "अरे येड्या, आम्ही पहाटे पोटभर खातो. सांजीले रोजा सोडला की आधी पाणी पितो."

"तुहे खाऊनपिऊन एवढे पट्टे निघाले, मग माहे किती निघतील!"

त्याच्या या बोलण्यावर चांदही हसला.

आईसमोर घेतलेली भाकर तोताराम गुपचूप बकरीपुढे टाकू लागला. मीठ सोडले. शेवटी पाणीही सोडले; नुसती चूळ भरून टाकायचा. ओठ फुटले, डोळे खोल गेले, आणि पोटावर खरोखरच पट्टे उमटू लागले.

"मी तुह्या मायले सांगतो," चांद म्हणाला.

"तुले माह्या गळ्याची शपथ हाये. रविवार होऊ दे, मग घागरभर पितो."

चांदने कुणाला सांगितले नाही.

स्पर्धेच्या दिवशी ऊन मी म्हणत होते. तोताराम मंचावर आला, त्याने श्वास सोडून पोट आवळले आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. चांदनेही टाळ्या वाजवल्या. परीक्षक जवळ येऊन बघत होते, म्हणून तोताराम तसाच ताठ उभा राहिला. आधी त्याच्या पोटरीत गोळा आला, मग सारे अंगच आखडले. तो लाकडासारखा कोसळला. चांदने धावत जाऊन लोटा तोंडाला लावला, पण दातखीळ बसली होती. पाणी गळ्यावरून वाहून गेले.

दवाखान्यात नेले, दिवस मावळायच्या आत सारे संपले.

त्याची आई धुरपदाबाई पोहोचली तेव्हा चांद तोच पाण्याचा लोटा घेऊन मृतदेहापाशी बसला होता. "मावशी," तो म्हणाला, "मले सारं ठाऊक होतं. तो जेवत नव्हता. पाणीबी पीत नव्हता."

तिने त्याला शिवी दिली नाही. एवढेच विचारले, "शेवटी तरी मागितलं का रे पाणी?"

"बोलताच आलं नाही त्याले."

धुरपदाबाईने लुगड्याचा पदर लोट्यात बुडवला आणि ती लेकाचे फुटलेले ओठ भिजवत राहिली.